क्षय आणि यकृताचा कर्करोग एकाच वेळी: आधी कोणता उपचार?

डिचोली तालुक्यातून एका गृहस्थांनी आपल्या वडिलांविषयी विचारले आहे. वडिलांचे वय ६१. दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप आणि नऊ किलोने घटलेले वजन यांमुळे तपासणी झाली. बेडक्याच्या ट्रूनॅट या जनुकीय चाचणीत क्षयाचे जंतू सापडले आणि ते रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत असेही समजले. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसल्यामुळे ट्रायफेसिक (तीन टप्प्यांत चित्रे घेणारा) सीटी केला, तेव्हा पावणेपाच सेंटीमीटरची ती गाठ यकृताच्या कर्करोगाची असल्याचा अहवाल आला. रक्तात ‘ब’ काविळीचा विषाणू आहे, अल्फा फीटोप्रोटीन (या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन) ६४० आहे, बिलिरुबिन १.८, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर (रक्त गोठण्याची मोजणी) १.३ आणि पोटात थोडे पाणी आहे. तीस वर्षे रोज संध्याकाळी दोन पेग फेणी घेण्याची सवय होती. एका डॉक्टरांनी आधी सहा महिने क्षयाचा कोर्स पुरा करा असे सांगितले, दुसऱ्यांनी क्षयाच्या गोळ्यांनी लिव्हर जाईल, आधी गाठीचे पाहा असे सांगितले. क्षयामुळे कर्करोग झाला का, फुफ्फुसातले डाग म्हणजे कर्करोगाचा प्रसार आहे का आणि आधी काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर असून गोव्यात जवळजवळ तीस वर्षे काम करतो. रुग्णाला न तपासता केवळ कागदांवरून लिहीत आहे, ही मर्यादा आधीच नोंदवतो. तरीही दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यात अर्धे अर्धे तथ्य आहे आणि दोन्ही सल्ले जसेच्या तसे पाळले तर वडिलांचे नुकसान होईल, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो. सहा महिने थांबणे गाठीच्या दृष्टीने फार आहे, कारण या कर्करोगाच्या गाठीचे आकारमान साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते आणि पावणेपाच सेंटीमीटरची गाठ आज ज्या उपचारांच्या आवाक्यात आहे त्यांतले काही तोवर हातचे जातील. उलट क्षय तसाच ठेवून गाठीला हात घालणे त्याहून धोक्याचे आहे, कारण बेडक्यात जंतू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती उपचारांनी आणखी खाली गेली तर तो गाठीआधी क्षयाने दगावू शकतो, शिवाय वॉर्डातील इतरांनाही लागण होते. क्षयाचे औषध आत्ताच सुरू व्हावे, पण ते सर्वांना देतात त्या ठरावीक गोळ्यांचे नसावे आणि गाठीचा पहिला उपचार चार ते सहा आठवड्यांत व्हावा, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे सांगतो.

पहिला प्रश्न कारणाचा. क्षयामुळे यकृताचा कर्करोग होतो, किंवा यकृतातील क्षयाच्या गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, असा पुरावा नाही. हे दोन रोग एकमेकांची अपत्ये नसून एकाच घरात वाढलेली दोन भावंडे आहेत असे समजावे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ते घर म्हणजे ‘ब’ विषाणू आणि फेणी यांनी मिळून कठीण केलेले यकृत. फेणीत साधारण ४२ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम आणि दोन पेगांत ४० ग्रॅम. दिवसाला ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क घेणाऱ्यांत क्षयाचा धोका जवळजवळ तिप्पट आढळतो. आमच्याकडे ‘संध्याकाळचे दोन पेग’ ही पिण्यात जमाच धरली जात नाही आणि उन्हाळ्यातली हुर्राक (काजूची सौम्य दारू) तर सरबताच्या हिशेबात जाते, म्हणून हा हिशेब ग्रॅममध्ये मांडला. यकृत कठीण झाले, म्हणजे सिरोसिस झाला, की रक्तातील जंतू गाळणाऱ्या यकृतातल्या पेशी कमी पडतात, पांढऱ्या पेशी सुस्तावतात, अन्न अंगी लागत नाही. तरुणपणी कधीतरी श्वासावाटे आत जाऊन वर्षानुवर्षे निपचित पडलेले क्षयाचे जंतू मग जागे होतात. गोव्यात याला मधुमेहाची जोड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले आणि मधुमेह क्षयाचा तसाच यकृताच्या कर्करोगाचाही धोका वाढवतो. आपण पाठवलेल्या कागदांत साखरेचा अहवाल नाही. तो करून घ्यावा. एचआयव्हीची चाचणीही झालेली दिसत नाही, तीही याच वेळी व्हावी.

आता निदानाकडे येतो, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होताना मी पाहिल्या आहेत. एका रुग्णात दोन रोग असतील तर दिसणारा प्रत्येक डाग कोणत्या रोगाचा, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. क्षय यकृतातही गाठी करू शकतो आणि त्या सीटीवर कर्करोगासारख्या भासू शकतात. त्याचप्रमाणे ताप, घटलेले वजन आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच असतात. सुदैवाने आपल्या वडिलांच्या गाठीबद्दल फारशी शंका घ्यायला जागा नाही. सीटीच्या अहवालात लिहिले आहे की धमनीतून औषध आले तेव्हा गाठ उजळली आणि पुढच्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडली. सिरोसिस किंवा जुना ‘ब’ विषाणू असलेल्या माणसात ही जोडी यकृताच्या कर्करोगाची इतकी ठाम खूण मानली जाते, की सुई घालून तुकडा काढण्याची गरज राहत नाही. क्षयाची गाठ बहुधा धमनीच्या टप्प्यात उजळत नाही, फार तर तिच्या कडेला वलय दिसते, आणि तिच्यात अल्फा फीटोप्रोटीन वाढत नाही. हे प्रथिन सुजलेल्या यकृतातही थोडेफार वाढते, म्हणून एकट्या त्याच्यावर मी कधीच विसंबत नाही, पण ६४० हा आकडा आणि तसा सीटी एकत्र आल्यावर बायोप्सीचा आग्रह धरणे म्हणजे रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका विनाकारण पत्करणे होय.

जिथे सीटी असा स्पष्ट नसतो तिथे मात्र तुकडा घ्यावाच लागतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बार्देशातील एक रुग्ण आला होता. यकृतातील गाठीचा तुकडा एका इस्पितळात घेतला गेला, तो सबंध फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला गेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके व सडलेला भाग दिसल्यामुळे ‘क्षय असावा’ असा अहवाल आला. क्षयाचे जंतू जिवंत आहेत का, कोणत्या औषधाला दाद देतात, हे विचारायला आता काही शिल्लक नव्हते, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. पुन्हा सुई घालावी लागली, पंधरा दिवस गेले. तेव्हापासून मी बायोप्सीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहितो की अर्धा तुकडा फॉर्मालिनमध्ये आणि अर्धा साध्या सलाइनमध्ये. एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ लिहिलेली नसेल तर कोणीही सलाइनची बाटली पुढे करत नाही.

फुफ्फुसातल्या डागांबद्दलची आपली भीती निराधार नाही. यकृताचा कर्करोग शरीरात पसरतो तेव्हा सर्वांत जास्त वेळा तो फुफ्फुसातच जातो. आपल्या अहवालात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातील पोकळी आणि तिच्या आजूबाजूचे झाडाच्या डहाळीवर फुटलेल्या कळ्यांसारखे दिसणारे बारीक ठिपके हे क्षयाचे आहेत, याबद्दल मला शंका नाही. बेडकाही तेच सांगतो. प्रश्न आहे तो खालच्या भागातील सात-आठ मिलिमीटरच्या दोन गोल गाठींचा. गोल, गुळगुळीत कडांच्या आणि फुफ्फुसाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या गाठी प्रसाराकडे बोट दाखवतात, पण क्षयाच्या गाठीही तशा असू शकतात. आपल्याला कोणीतरी पेट स्कॅन सुचवला आहे. या प्रश्नासाठी तो पैशांचा अपव्यय ठरेल, कारण क्षय आणि कर्करोग दोन्ही पेट स्कॅनवर सारखेच चमकतात, इतकेच नव्हे तर यकृताच्या कर्करोगाच्या काही गाठी त्यात चमकतच नाहीत. एवढ्या लहान गाठीत सुई घालणेही अवघड असते. अशा वेळी मी काळाला साक्षीदार करतो: क्षयाचे औषध नीट चालू असताना आठ आठवड्यांनी छातीचा सीटी पुन्हा करावा. गाठी आकसल्या तर त्या क्षयाच्या होत्या. पोकळी भरत आली आणि गोल गाठी मात्र वाढल्या, तर तो कर्करोगाचा प्रसार समजून उपचारांचा मार्ग बदलावा. तोवर कोणीही ‘शेवटची पायरी’ असा शिक्का मारून घरी पाठवू नये. असा शिक्का बसलेला आणि नंतर केवळ क्षयाचाच निघालेला रुग्ण मी पाहिलेला आहे.

पोटातील पाण्याबद्दल एकच सूचना करतो. सिरोसिस आहे म्हणून पाणी सिरोसिसचेच, असे गृहीत धरू नये. सिरिंजभर पाणी काढून त्यातील अल्ब्युमिनची रक्तातील अल्ब्युमिनशी वजाबाकी करावी. फरक १.१ किंवा अधिक असेल तर यकृतातील रक्तदाबाचे पाणी, कमी असेल तर पोटाच्या पडद्याचा क्षय किंवा कर्करोग यांचा विचार करावा. सिरोसिसच्या रुग्णाला पडद्याचा क्षयही झाला असेल तर हा फरक फसवा ठरतो, म्हणून लिम्फोसाइट पेशी आणि एडीए (क्षयात वाढणारे विकर) यांचीही मोजणी सोबत मागवावी.

आता मुख्य मुद्दा, क्षयाची औषधे. नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन, असा क्रम असतो. यांतील पहिली तीन यकृताला इजा करू शकतात आणि त्यांत पायराझिनामाइड सर्वांत बेभरवशाचे. निरोगी यकृताला ही इजा बहुधा सोसते. कठीण झालेल्या यकृताला मात्र राखीव ताकदच नसते, त्यामुळे तीच इजा प्राणघातक ठरू शकते. ही ताकद मोजायला आम्ही चाइल्ड-प्यू ही जुनी पण अजूनही सर्वांत उपयोगी गुणपत्रिका वापरतो. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातील पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच बाबींना प्रत्येकी एक ते तीन गुण असतात. पाच-सहा गुण म्हणजे ‘अ’ वर्ग, सात ते नऊ ‘ब’, दहा आणि त्यापुढे ‘क’. आपल्या वडिलांचा हिशेब असा होतो: बिलिरुबिन दोनच्या खाली म्हणून एक, अल्ब्युमिन २.८ ते ३.५ यांमध्ये म्हणून दोन, आयएनआरचा एक, थोड्या पाण्याचे दोन, शुद्ध चांगली आहे म्हणून एक. एकूण सात, म्हणजे ‘ब’ वर्गाच्या उंबरठ्यावर. मीठ कमी करून आणि लघवीच्या गोळ्यांनी पोटातील पाणी ओसरले तर ते सहावर, म्हणजे ‘अ’ वर्गात येतील, आणि त्याने क्षयाच्या तसेच गाठीच्याही उपचारांचे पर्याय वाढतील. म्हणून ते पाणी किरकोळ समजू नये.

ढोबळ नियम असा, की ‘अ’ वर्गात यकृताला त्रासदायक अशी दोन औषधे देता येतात, ‘ब’ वर्गात एक आणि ‘क’ वर्गात एकही नाही. यकृताला फारसे न दुखवणारी एथॅम्ब्युटॉल आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन ही दोन औषधे यांच्या जोडीला हाताशी असतात. आपल्या वडिलांना पायराझिनामाइड अजिबात देऊ नये. मी त्यांचा डॉक्टर असतो तर रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन यांनी सुरुवात केली असती आणि दोन आठवड्यांनी यकृताच्या चाचण्या स्थिर दिसल्या आणि पोटातील पाणी ओसरले तर आयसोनियाझिड जोडले असते. पायराझिनामाइड वगळल्यामुळे कोर्स सहा महिन्यांत संपत नाही. तो किमान नऊ महिने चालतो, आणि आयसोनियाझिडही देता आले नाही तर वर्षभर. ट्रूनॅट केवळ रिफॅम्पिसिनबद्दल सांगते. आयसोनियाझिडला जंतू दाद देतात का, हे एलपीए चाचणीतून कळते आणि जिथे मोजकीच औषधे हातात आहेत तिथे त्यांतले एक आधीच निकामी नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. (जाता जाता अभिमानाने सांगण्यासारखे म्हणजे ट्रूनॅट ही यंत्रे आपल्या वेर्णे येथील कंपनीची आहेत. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केली.)

एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. सरकारी कार्यक्रमात क्षयाची औषधे एकाच गोळीत चार एकत्र करून येतात. त्यातून पायराझिनामाइड वेगळे काढता येत नाही. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा क्षयरोग केंद्रात ‘यकृताचा आजार, सुटी औषधे हवीत’ असे डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीसह सांगावे. चिठ्ठी नसेल तर कर्मचारी आपल्या समजुतीने नेहमीचे पाकीट देतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

औषध सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे दर आठवड्याला आणि पुढे दोन महिने दर पंधरवड्याला यकृताच्या चाचण्या कराव्यात. नेहमीचा नियम असा आहे, की मळमळ, उलटी, कावीळ यांसारखी लक्षणे असताना एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) सामान्य मर्यादेच्या तिप्पट किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले, तर यकृताला त्रासदायक औषधे तत्काळ थांबवावीत. आधीच एएलटी चढलेले असलेल्या रुग्णात स्वतःच्या मूळ आकड्याशी तुलना करावी लागते, म्हणून औषधाच्या पहिल्या गोळीआधीचा अहवाल जपून ठेवावा. रिफॅम्पिसिनने सुरुवातीच्या दिवसांत एकटे बिलिरुबिन थोडे चढते आणि एएलटी जागेवर असेल तर घाबरण्याचे कारण नसते. त्याच औषधाने लघवी नारिंगी होते. घरच्यांना ती कावीळ वाटते आणि कोकणीत आपण जिला कामीण म्हणतो तिचे झाडपाल्याचे औषध सुरू होते. लघवीच्या रंगावरून काहीही ठरवू नये, डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहावा. गुळवेलीचा काढा, कामिणीची मुळे, ‘लिव्हर टॉनिक’ यांपैकी काहीही या काळात देऊ नये. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत, आणि दोन औषधांच्या गर्दीत तिसरे शिरले तर इजा कोणी केली हे कळायला मार्गच उरत नाही.

आयसोनियाझिड सुरू झाल्यावर गोव्यात हमखास घडणारी एक गोष्ट आहे. दुपारी बांगड्याची आमटी जेवल्यानंतर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगाला खाज सुटते आणि रुग्ण ‘औषधाची ॲलर्जी’ म्हणून गोळ्या सोडून देतो. खरे कारण असे, की बांगडा, कुपा यांसारखी मासळी ताजी नसेल तर तिच्यात हिस्टामिन साठते. ते मोडणारे आतड्यातील विकर आयसोनियाझिड बंद पाडते. अशा वेळी औषध न सोडता मासळी बदलावी आणि शिळी किंवा सुकी मासळी टाळावी. मासळी बंद मात्र करू नये. अशक्त यकृताच्या माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात आणि कावीळ म्हणून पेज व मीठ यांवर ठेवलेला रुग्ण आमच्यासमोर वाळून जातो. तिसऱ्या आणि कालवे मात्र नीट शिजवूनच द्यावीत, कारण कच्च्या शिंपल्यांतील एक जंतू सिरोसिसच्या रुग्णाला काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे द्यावे. फेणी पूर्णपणे बंद हे सांगायला नकोच.

गाठीच्या उपचाराचा क्रम आता ठरवू. पावणेपाच सेंटीमीटरची एकच गाठ असल्यामुळे ती यकृत प्रत्यारोपणाच्या मिलान निकषांत बसते, ज्यांत एक गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत किंवा तीन गाठी प्रत्येकी तीन सेंटीमीटरपर्यंत चालतात. पण सक्रिय क्षय असताना प्रत्यारोपण करत नाहीत आणि नंतरही रिफॅम्पिसिन चालू असेल तर नवे यकृत टिकवणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी कोसळते. म्हणून तो पर्याय आज टेबलावर नाही, पण पुसूनही टाकू नये. पोटात पाणी असताना शस्त्रक्रियेने गाठ कापणे धोक्याचे आहे. सुईने गाठ जाळण्याची पद्धत तीन सेंटीमीटरच्या आतल्या गाठींना जास्त लागू पडते. उरते टेस, म्हणजे मांडीच्या धमनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा औषधासह बंद करणे. हा उपचार क्षयाच्या औषधाला चार ते सहा आठवडे झाल्यावर, चाचण्या स्थिर असतील आणि पाणी ओसरले असेल तर करावा. परिणामकारक औषधानंतर दोन-तीन आठवड्यांत क्षयाची संसर्गक्षमता खूप उतरते, त्यामुळे इस्पितळातही अडचण येत नाही.

टेस आणि नवे औषध एकाच आठवड्यात सुरू करू नयेत, हे मी ठासून सांगतो. टेसनंतर ताप, पोटदुखी आणि एएलटीची मोठी उडी हे ठरलेलेच असते. ती उडी दोन-तीन दिवसांत येते आणि आठवडा-दहा दिवसांत उतरते. क्षयाच्या औषधाची इजा बहुधा पहिल्या दोन महिन्यांत कधीही, हळूहळू चढत येते आणि औषध थांबवल्याशिवाय उतरत नाही. दोन्ही एकाच वेळी घडवून आणली तर कोणाचा आकडा कोणाचा हे ओळखता येत नाही, आणि अशा गोंधळात बहुधा क्षयाचे औषध थांबवले जाते. मी दोन्हींमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवायला सांगतो.

पुढे फुफ्फुसातील गाठी प्रसाराच्या निघाल्या तर कर्करोगाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने यांचा प्रश्न येईल. तेव्हा रिफॅम्पिसिन मध्ये येते, कारण ते यकृतातील औषधे मोडणारी यंत्रणा इतकी वेगाने चालवते की इतर औषधे काम करण्याआधीच संपतात. सोराफेनिब या कर्करोगाच्या गोळीची रक्तातील एकूण मात्रा त्याने सुमारे ३७ टक्क्यांनी घटते. लेन्व्हॅटिनिब या दुसऱ्या गोळीवर हा परिणाम फारसा होत नाही, म्हणून अशा रुग्णात मी त्याच्या बाजूने असतो. एटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी २०२० पासून वापरात आली आणि योग्य रुग्णात सोराफेनिबपेक्षा अधिक आयुष्य देते, पण आपल्या वडिलांना ती इतक्यात देऊ नये असे माझे मत आहे. पहिले औषध प्रतिकारशक्तीचा लगाम सोडते आणि त्याने क्षय उसळल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. दुसऱ्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि फुफ्फुसात क्षयाची पोकळी असताना खोकल्यातून रक्त जाण्याची भीती खरी आहे. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी दुर्बीण तपासणी त्याआधी करावी लागते, ती आत्ताच उरकून घ्यावी, टेसच्या आधीही ती उपयोगी पडेल. वेदना वाढल्या तर लक्षात असू द्यावे की रिफॅम्पिसिनमुळे मॉर्फिनही कमी पडते. पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत ठेवावे आणि अंगदुखीच्या इतर गोळ्या टाळाव्यात.

‘ब’ विषाणूचे औषध अजून सुरू झालेले दिसत नाही, ही या कागदांतील मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहे. विषाणू मोकाट असेल तर एएलटी त्याच्यामुळे चढेल आणि दोष क्षयाच्या गोळ्यांना जाईल. एन्टेकॅव्हिर किंवा जुने टेनोफोव्हिर रिफॅम्पिसिनसोबत चालते. टेनोफोव्हिरचा अलाफेनामाइड हा नवा प्रकार मात्र चालत नाही, त्याची मात्रा कमी पडते. २०१८ पासून चालू असलेल्या विषाणुजन्य काविळीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जाताना क्षय, पोटविकार आणि कर्करोग या तिन्ही विभागांची कागदपत्रे एकाच फायलीत ठेवावीत आणि प्रत्येक डॉक्टरला बाकीच्या दोघांच्या औषधांची यादी दाखवावी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्यविमा योजनेचे कार्ड आणि क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय नोंदणीचा क्रमांक सोबत असू द्यावा. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात, त्यासाठी वडिलांचे खाते नोंदवावे लागते.

शेवटी आपल्याबद्दल आणि आपल्या भावंडांबद्दल. वडिलांसोबत एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाची क्षयासाठी तपासणी व्हावी, आणि क्षय नाही असे ठरल्यावर त्यांना प्रतिबंधक औषध द्यावे अशी कार्यक्रमाची पद्धत आहे. घरात आणखी कोणी रोज पिणारा असेल तर त्या औषधापूर्वी त्याच्याही यकृताच्या चाचण्या कराव्यात. त्याच वेळी आपण, आपली भावंडे, आई आणि आपली मुले यांनी ‘ब’ विषाणूची एचबीएसएजी चाचणी करून घ्यावी. यांपैकी कोणी निगेटिव्ह असेल तर लस घ्यावी, आणि कोणी पॉझिटिव्ह निघाले तर त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीन करावे, कारण या विषाणूत सिरोसिस न होताही कर्करोग होतो आणि गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडली तर ती जाळून टाकता येते.